गाडी घेऊन समुद्रापार

स्वतःची गाडी नावेत चढवून परमुलखात जाणे ही गोष्ट बेळगावकराला खरे तर नवलाची वाटू नये. गोवा १९६१ पर्यंत आपल्यासाठी अक्षरशः परदेश होता आणि आमच्या लहानपणीही वडीलधारी मंडळी ‘तिकडे’ असाच त्याचा उल्लेख करीत. वडिलांच्या जुन्या फियाटमधून अनमोड घाट उतरून आम्ही गोव्यात जात असू. पणजीहून मडगावकडे निघाले की आगशीला झुआरी आडवी येई. तिच्यावरचा पूल १९८३ साली झाला. तोवर सारी भिस्त फेरीबोटीवर. लोखंडी फळी किनाऱ्याला टेकली की सायकली, मासळीच्या पाट्या, एखादा टेम्पो आणि आमची फियाट असा लवाजमा एकदमच आत शिरे. गाडी उभी राहताच वडील आम्हा भावंडांना खाली उतरवीत आणि हँडब्रेकवर विसंबून न राहता मागच्या चाकाखाली दगड लावीत. आम्हाला गाडीतच बसून नदी ओलांडायची असे. वडील एवढेच म्हणत, “गाडी गेली तर दुसरी घेता येईल.”

२०२४ च्या मे महिन्यात डोव्हरच्या बंदरावर मला त्या दगडाची आठवण झाली.

आमची कन्या इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ आहे. जावई संगणक क्षेत्रातले. नात साडेतीन वर्षांची. “बाबा, या वेळी विमान नको. आपलीच गाडी बोटीत घालून फ्रान्सला जाऊ या,” असे कन्येने फोनवर सांगितले तेव्हा मी तिला विचारले की, तिथे गाडी भाड्याने मिळत नाही का? तिचे उत्तर बिनतोड होते. लहान मुलाचे आसन, ढकलगाडी, खेळणी, प्रेशर कुकर, डाळ-तांदूळ हे सगळे विमानातून नेण्यापेक्षा एकदाच डिकीत भरलेले बरे.

तयारी मात्र वाटली तितकी सोपी नव्हती. आम्हा उभयतांना ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि युरोपचा शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागला. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घेतला. कन्येच्या विमा कंपनीला कळवून जादा चालक म्हणून माझे नाव घालून घेतले. गाडीच्या नोंदणीची मूळ कागदपत्रे, चकाकणारी जाकिटे आणि रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण हे सोबत हवेच. फ्रान्समध्ये त्यांची सक्ती आहे. गाडीच्या मागे ‘यूके’ अक्षरांची पट्टी लावली. २०२१ पूर्वी तेथे ‘जीबी’ लिहीत असत. सर्वांत गमतीची वस्तू म्हणजे दिव्यांवर चिकटवायचे छोटे तुकडे. इंग्लंडमधील गाड्यांच्या दिव्यांचा झोत डावीकडच्या कडेकडे किंचित कललेला असतो. उजवीकडून चालणाऱ्या देशात तोच झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो, म्हणून काचेचा तेवढा भाग झाकायचा.

डोव्हरला आम्ही पहाटे पोहोचलो. येथे एक चमत्कारिक व्यवस्था आहे. फ्रान्सचे पोलीस फ्रान्समध्ये नव्हे, तर इंग्लंडच्याच भूमीवर, बोटीत चढण्यापूर्वी पासपोर्ट तपासतात. आमच्या निळ्या पासपोर्टांची पाने त्या अधिकाऱ्याने सावकाश उलटली, शिक्का मारला आणि मागच्या खिडकीतून नातीला हात केला. पुढे आखलेल्या रांगांत गाडी उभी करून वाट पाहायची. त्या अर्ध्या तासात सौ.ने आणलेला दहीभात आम्हाला संपवावा लागला. ब्रिटनमधून युरोपीय संघात खाजगी सामानातूनही दुधाचे व मांसाचे पदार्थ नेण्यास २०२१ पासून बंदी आहे. तान्ह्या मुलांची दूधभुकटी तेवढी अपवाद. सीमा ओलांडण्यापूर्वी रस्त्याच्या कडेला दहीभात खाणे, यात मला तर घरच्यासारखेच वाटले.

मग रांग हलली. लोखंडी उतारावर चाके चढताना जो खणखणाट झाला तो हुबेहूब आगशीचा होता. आतले दृश्य मात्र निराळेच. एखाद्या मोठ्या कारखान्यासारखे दालन, त्यात मालट्रकांच्या रांगा आणि हातवारे करून एकेका गाडीला वीतभर अंतरावर उभे करणारे कर्मचारी. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, धोक्याचा भोंगा बंद करायचा (बोट डोलली की तो आपोआप वाजू लागतो), जिन्याचा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि सर्वांनी वर जायचे. प्रवासभर तो मजला बंद राहतो, गाडीत कोणालाही बसू देत नाहीत. वडिलांचा नियम येथे कायदा झालेला पाहून बरे वाटले.

या नियमांमागे मोठी किंमत मोजलेली आहे. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून डोव्हरला निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एन्टरप्राइझ’ ही बोट बंदराबाहेर पडताच काही मिनिटांत कलंडली आणि १९३ माणसे दगावली. तिचे पुढचे दार उघडेच राहिले होते. ते लावण्याचे काम ज्याच्याकडे होते तो आपल्या खोलीत झोपला होता. दार लागले असेल असे बाकीच्यांनी धरून चालले होते. आणि दार उघडे आहे की बंद हे कप्तानाला दाखवणारा दिवा वरच्या कक्षात नव्हता. त्या दुर्घटनेनंतर दारावर लक्ष ठेवणारी साधने बंधनकारक झाली. शस्त्रक्रियागृहात वावरणाऱ्या माझ्या मित्रांना यात ओळखीचे काही दिसेल. ‘कोणीतरी पाहिले असेल’ या एका वाक्याने आपल्या व्यवसायातही कमी घात केलेला नाही.

वर आल्यावर डोव्हरचे पांढरे कडे मागे सरकताना दिसू लागले. खाडी सर्वांत अरुंद जागी सुमारे ३४ किलोमीटर आणि प्रवास साधारण दीड तासाचा. ती ओलांडताना एक मौज कळली. या चिंचोळ्या पट्ट्यात जहाजांची इतकी वर्दळ असते की १९६७ पासून तेथे येण्याजाण्याच्या वाटा आखून दिल्या आहेत, आणि त्या उजव्या हाताच्या आहेत. म्हणजे जमिनीवर डावीकडून जाणारा इंग्रज समुद्रावर मात्र निमूटपणे उजवीकडून जातो!

नातीला मळमळू लागले तेव्हा मात्र आजोबांमधला डॉक्टर जागा झाला. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी सहसा लागत नाही. त्यानंतर बारा वर्षांपर्यंत हा त्रास अधिक. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘आपण हलतो आहोत’ असे सांगते आणि पुस्तकात किंवा पडद्यात गुंतलेले डोळे ‘आपण स्थिर आहोत’ असे सांगतात. या भांडणात पोट मध्येच सापडते. औषध निघण्यापूर्वी द्यावे लागते, त्रास सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. आणि प्रोमेथाझिन हे श्वसन मंदावण्याच्या भीतीमुळे दोन वर्षांखाली देऊच नये. आम्ही तिला बोटीच्या मध्यभागी, खिडकीपाशी नेले आणि दूरची क्षितिजरेषा दाखवीत बसलो. पंधरा मिनिटांत तिने बिस्कीट मागितले.

कॅलेला उतरताच ‘उजवीकडून चालवा’ अशा पाट्या लागल्या. महामार्गावर चालकाचे काम जावयाचे. चालकाचे आसन उजवीकडे असल्याने पुढचा ट्रक ओलांडायचा तर समोरचे काही दिसत नाही. डावीकडे बसलेल्याने वाकून पाहायचे आणि ‘चला’ म्हणायचे. टोलनाक्याची खिडकीही डावीकडेच. ही दोन्ही खाती सौ.कडे आली. तीस वर्षांच्या संसारात माझ्या गाडीबाबत तिला इतके अधिकार प्रथमच मिळाले आणि तिने ते पुरेपूर वापरले.

नॉर्मंडीतील दिवसांचे वर्णन येथे करीत नाही. सेन नदीच्या मुखावरील ८५६ मीटरच्या मुख्य गाळ्याचा पूल, ऑन्फ्लरचे चिमुकले बंदर, बायोचे नऊशे वर्षांपूर्वीचे भरतकाम हे सारे पाहिले. मी रोज तास-दीड तास गावाकडच्या रस्त्यांवर गाडी चालवली. पहिल्या दिवशी घामाघूम झालो, तिसऱ्या दिवशी हात बसला, पाचव्या दिवशी जावयांना सांगितले की, यात विशेष काही नाही.

सहाव्या दिवशी परतीच्या वाटेवर आम्ही न्यूव्ह-शापेल येथे मुद्दाम थांबलो. मार्च १९१५ मध्ये येथे झालेल्या लढाईत हिंदी सैन्याने मोठा भाग घेतला होता. ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावे येथील गोलाकार भिंतीवर कोरलेली आहेत. सर हर्बर्ट बेकर यांनी रचलेले हे स्मारक १९२७ साली खुले झाले. मराठा पलटणी त्या महायुद्धात मुख्यत्वे मेसोपोटेमियात लढल्या. तरीही मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राशेजारी वाढलेल्या माणसाला त्या शेतांच्या मधोमध कोरलेले वाघ आणि कमळ पाहून गलबलून येते. गढवाली शिपाई गब्बरसिंग नेगी यांचे नाव मी बोटाने शोधून काढले. कोणीच फारसे बोलत नव्हते. ‘मी चालवतो’ असे म्हणून मी किल्ली घेतली.

रस्ता रिकामा होता. चालकाचे आसन उजवीकडे, स्टीअरिंग उजवीकडे, शेजारी सौ.; सगळे अगदी घरच्यासारखे. त्यामुळे हातही घरच्यासारखेच वळले. मी डाव्या बाजूने निघालो आणि तीन-चारशे मीटर तसाच गेलो. माझ्या मनात शंकाही आली नाही. वळणावरून एक ट्रॅक्टर मागे भरलेला ट्रेलर घेऊन थेट समोर आला, तेव्हाही क्षणभर मला वाटले की हा मनुष्य चुकीच्या बाजूने का येतो आहे! “अहो!” एवढेच सौ. ओरडली. ट्रॅक्टर संथ होता, त्याने दिवे लावले आणि तो थांबला. मीही थांबलो. मधे दोन गाड्यांइतके अंतर असेल. त्या शेतकऱ्याने हाताने मला पलीकडची बाजू दाखवली. न चिडता, एखाद्या मुलाला दाखवावी तशी.

जावयांनी थोड्या वेळाने म्हटले, “बाबा, जरा पाय मोकळे करायचे का?” मी उतरलो आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. नात मागच्या आसनात झोपलेली होती.

ते आसन मागे तोंड करून बसवलेले होते. पहिल्या दिवशी मी त्यावर टीकाच केली होती. बिचारीला पुढचे काही दिसत नाही, आपण कुठून आलो तेवढेच दिसते. वास्तविक हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. नवजात बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या एक चतुर्थांश असते, मानेचे स्नायू व बंध कोवळे असतात आणि समोरून धडक बसली की पुढे तोंड केलेल्या बाळाच्या मानेवर सारा हिसका येतो. मागे तोंड असेल तर तोच आघात पाठीवर पसरतो. ब्रिटनमधील नव्या पद्धतीच्या आसनांत किमान १५ महिन्यांपर्यंत मूल तसेच बसवावे लागते. पुढे १२ वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत योग्य आसनाची सक्ती आहे. फ्रान्समध्ये ती दहा वर्षांपर्यंत. हे सर्व मला पाठ आहे. आणि ज्या मुलीने हे आसन विकत घेतले, तिला मी चेतकवर पुढे उभी करून बेळगावभर हिंडवले होते, आणि मारुती ८०० मध्ये तिच्या आईच्या मांडीवर, पुढच्या सीटवर बसवून अनमोड घाट उतरवला होता. धडकेच्या क्षणी बाळाचा जोर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. तो पेलतील असे हात कोणत्याच आईला नसतात. एम.डी. झालेला मनुष्य हे करीत होता, कारण सगळेच करीत होते.

त्या रात्री मी हे कन्येजवळ बोललो. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही मला लस एकही चुकवली नाहीत. हे कोणी तुमच्या तक्त्यात घातलेच नव्हते.”

आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातील कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बाल-आसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी पट्टा व हेल्मेट यांचा नियम २०२३ पासून लागू आहे. तरी शहरात कोणत्याही प्रसूतिगृहाबाहेर पाच मिनिटे उभे राहावे. बाळ घरी कसे जाते ते दिसेल.

परत आल्यापासून माझ्या तपासणी तक्त्यात एक प्रश्न वाढला आहे. बाळाला घरी सोडताना कावीळ, दूध, लघवी, लसी झाल्या की मी विचारतो, “घरी कशातून नेणार?” पहिल्यांदा बहुतेक जण माझ्याकडे नवलाने पाहतात. परवा एक तरुण पिता म्हणाला, “डॉक्टर, ते आसन परदेशातल्या गाड्यांनाच बसतं ना?” ओपीडी संपत आली होती. मी त्याच्याबरोबर खाली गेलो. त्याची गाडी नवी होती. मागच्या सीटच्या पाठ-बैठकीच्या फटीत हात घालून चाचपले, तर आसन अडकवण्याच्या लोखंडी कड्या तेथे होत्याच. दोन वर्षे तो ती गाडी चालवीत होता. एका कडीत चुरमुऱ्यांचा चुरा आणि गोळीचा कागद अडकला होता. तो त्याने नखाने काढला आणि मला विचारले की, आसन बेळगावात कुठे मिळेल.