नागसेनवनाची वर्गणी

आमच्या लोणी देवकरात एका निवृत्त गुरुजींच्या कपाटात ‘अस्मितादर्श’ त्रैमासिकाच्या अंकांचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवलेला आहे. पिना गंजल्यात, कडा वाळवीने कुरतडल्यात. गुरुजी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. “तुमचा माजी विद्यार्थी संघ वगैरे होता का हो?” असं विचारलं, तर त्यांनी त्या गठ्ठ्याकडेच बोट दाखवलं.

आधी मला ती थट्टा वाटली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये हे कॉलेज काढलं, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. भिक्खू नागसेनाला शंका विचारून भंडावणाऱ्या ग्रीक राजाचं नाव कॉलेजला, आणि उत्तरं देणाऱ्या नागसेनाचं नाव परिसराला: नागसेनवन. ही वाटणी मला फार आवडते. पोरांच्या वाट्याला प्रश्न आले.

शिकून पोरं पांगली. कुणी मास्तर, कुणी कारकून. सधन कॉलेजांचे जुने विद्यार्थी स्नेहभोजनं घालतात, इमारतीला देणग्या देतात. इथे पहिल्या पगारावरच अख्ख्या घराची नजर. देणगी कुठून येणार?

वाट काढली ती प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी. ते अमेरिकेत शिकून आलेले. तिथल्या काळ्या लेखकांनी आपलं जगणं आपणच कसं लिहिलं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. आपल्या पोरांनीही लिहावं, हा त्यांचा ध्यास. त्यातून १९६७ मध्ये ‘अस्मिता’ निघालं, लवकरच त्याचं ‘अस्मितादर्श’ झालं. संपादक गंगाधर पानतावणे, मिलिंदमध्येच मराठी शिकवणारे. त्यांनी ते त्रैमासिक पुढे कित्येक दशकं ओढलं. ‘चालवलं’ हा शब्द इथे तोकडा पडतो. मिलिंदचेच विद्यार्थी वामन निंबाळकर यांच्यासारखे कवी त्यात लिहिते झाले. शिवाय गावोगावी लेखक-वाचक मेळावे भरत. तिथे लिहिणारा आणि वाचणारा एकाच सतरंजीवर बसे, आणि बऱ्याचदा दोघंही नागसेनवनातले निघत. मुंबईत १९७२ मध्ये ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली, तिचा गाजावाजा झाला. ह्या त्रैमासिकाचं काम मात्र पोस्टमनच्या पिशवीतून चालायचं.

गुरुजींनी सुतळी सोडली. एका अंकातून मनीऑर्डरची पिवळट पावती खाली पडली. मी ती उचलून दिली.

“सभासद वर्गणी,” ते म्हणाले, आणि पावती होती त्याच पानात ठेवून दिली.