गाव महापालिकेत गेलं तर आपल्या घराचं काय?

चाकणजवळच्या एका गावात बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही मिटली, तेवढ्यात एका वहिनींनी विचारलं, "आमचं गाव महापालिकेत जाणार म्हणतात. मग घराची किंमत वाढंल का उतरंल?" दुसऱ्या ताई म्हणाल्या, "आणि चौकात आमच्या पोराला दंड झाला. एवढा दंड घेतात, मग रस्ता का होत नाही?" हे दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. आज त्यांवरच बोलू.

चाकण परिसरासाठी वेगळी महापालिका करावी लागेल, असं तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ऑगस्ट 2025 मध्ये चाकणची वाहतूक कोंडी पाहायला आल्यावर सांगितलं. महापालिका आली की काय होतं, हे बघायला लांब जायला नको. शेजारची पिंपरी-चिंचवड आहे.

ही महापालिका 1982 साली झाली. कारखान्यांचं गाव, म्हणून तिचा मोठा आधार होता जकात. नाक्यावरून माल आत आला की पैसे जमा. त्यामुळे तिला श्रीमंत महापालिका म्हणत. 2013 मध्ये जकात गेली आणि स्थानिक संस्था कर आला. 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली. 2017 मध्ये जीएसटी आला. आता त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकेला अनुदान देतं. म्हणजे पूर्वी पैसा स्वतःच्या नाक्यावर जमायचा, आता तो वरून यायची वाट बघावी लागते. स्वतः वसूल करायचा मोठा कर उरला तो मिळकतकर, म्हणजे आपली घरपट्टी. बांधकाम परवानगीच्या शुल्कातूनही बराच पैसा येतो, पण घरं बांधली जातात तोवरच. म्हणून शहराची सगळी नजर घरपट्टीवर असते. कामासाठी पैसा कमी पडला की आपला गट बँकेकडून कर्ज घेतो ना? तसेच महापालिकेने 2023 मध्ये 200 कोटींचे कर्जरोखे काढले. तेही व्याजासकट फेडायचे असतात, आणि फेड होते ती लोकांच्या करातूनच.

आता किमतीचं बघू. 1997 साली चिखली, मोशी, चऱ्होली, तळवडे, वाकड अशी आजूबाजूची गावं पिंपरी-चिंचवडमध्ये घेतली. रस्ते आले, नळ आले, जमिनीला भाव आला. पण त्याच भावापायी अनेकांनी शेतजमिनीचे गुंठे पाडून विकले. घेणारे बहुतेक कामगार. त्यांनी परवानगी न घेता घरं बांधली. पुढे कायद्याने अशा घरांवर शास्तीकर बसला, तो मूळ कराच्या दुप्पट. म्हणजे घरपट्टी हजार रुपये असेल, तर वर दोन हजार शास्ती. थकबाकी दरवर्षी फुगत गेली. असं घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक आधी थकबाकी विचारतं. बँक कर्ज द्यायला तयार होत नाही. मग घर चांगलं असलं तरी भाव पडतो. लोकांनी वर्षानुवर्षं मागणी केल्यावर 2023 मध्ये सरकारने शास्ती माफ केली, पण मूळ कराची थकबाकी भरण्याच्या अटीवर. आणि हे नीट ऐका: शास्ती माफ झाली म्हणून घर अधिकृत झालं नाही.

याहून वाईट चिखलीत झालं. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले 36 बंगले मे 2025 मध्ये पाडले. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती रेषा. तिच्या आत घर बांधता येत नाही. हरित न्यायाधिकरणाने हुकूम दिला आणि तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला. रहिवाशांकडे नोंदणी केलेली खरेदीखतं होती. पण खरेदीखत म्हणजे जागा विकत घेतल्याचा कागद, तो काही बांधकामाचा परवाना नव्हे. आयुष्याची कमाई एका दिवसात मातीत गेली.

आता दंडाचं. ई-चलानचा पैसा महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला मिळत नाही, तो राज्याच्या तिजोरीत जातो. पुणे-नाशिक रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याचं रुंदीकरण महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. म्हणून रस्त्याची तक्रार पोलिसांकडे करून उपयोग नाही. ग्रामसभेत ठराव करा आणि तो प्राधिकरणाकडे आणि आमदार-खासदारांकडे पाठवा. दंड मात्र आपल्या हातात आहे. हेल्मेट नसेल तर 500 रुपये, लायसन्स नसेल तर 5000. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी दिली तर 25,000 रुपये, आणि पालकाला तुरुंगवासही होऊ शकतो. बचत गटाच्या कर्जाएवढी ही रक्कम आहे, मैत्रिणींनो. चलान झालंच तर लपवू नका, भरून टाका. जुनं थकलेलं असेल तर लोकअदालतीत तडजोड होते का ते विचारा.

महापालिका येईल तेव्हा येईल. तोवर आपण काय करायचं?

पहिलं, ग्रामपंचायतीतून घराचा नमुना 8 काढा आणि नाव, मोजमाप तपासा. मात्र तो कराचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातल्या घराची स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका झाली आहे का, तेही विचारा.

दुसरं, घर दोघांच्या नावावर करून घ्या. नवरा-बायको दोघांची नावं लावण्याचा शासन निर्णय 2003 पासून आहे. नाव असेल तर घर विकताना आपल्याला डावलणं अवघड जातं.

तिसरं, गुंठ्याचा सौदा असो की खोल्या बांधून भाड्याने द्यायचा बेत असो, आधी परवानगीचा कागद बघा. चाकण परिसरातल्या गावांत ती पीएमआरडीए देते, नगरपरिषदेच्या हद्दीत नगरपरिषद. जागा नदीकाठची असेल तर पूररेषेचा नकाशा मागा. "सगळेच बांधतात" हे उत्तर चिखलीतही दिलं जायचं.

चौथं, घरपट्टी दरवर्षी भरा आणि पावत्या एका पिशवीत ठेवा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पिंपरी-चिंचवडने 2023 पासून मिळकतकराची बिलं घरोघरी पोचवायचं काम महिला बचत गटांना दिलं. ज्या बायकांना कधी सातबारा दाखवला जात नव्हता, त्यांच्याच हातात शहराचा हिशोब आला. आपणही पुढच्या बैठकीला येताना घरचा नमुना 8 घेऊन या. हप्त्याच्या वहीशेजारी तोही उघडा आणि एकमेकींना वाचून दाखवा. ज्या वहिनींनी पहिला प्रश्न विचारला, त्यांनी घरी जाऊन उतारा शोधला. त्यावर अजून सासऱ्यांचंच नाव होतं. आता त्यांनी अर्ज केला आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.