बॉयलरला इंजेक्शन कुणी देत नाही

“बॉयलर म्हणजे इंजेक्शनची कोंबडी.” भिगवणच्या बाजारात विचारा, इंदापूरच्या चहाच्या टपरीवर विचारा, बारामतीच्या एसटी स्टँडवर विचारा, उत्तर ठरलेलं. लग्नाच्या पंगतीत मटणाला पसंती देताना हेच कारण सांगतात आणि मुलीला लवकर पाळी आली तरी दोष ह्याच इंजेक्शनला. आमच्या अंगणात महामार्गावर गाडीतून खाली पडलेल्या, पाय गेला म्हणून शेडमधून बाजूला काढलेल्या बॉयलर आहेत, शिवाय अंडी कमी झाली म्हणून विकायला काढलेल्या पांढऱ्या लेयर कोंबड्याही. त्या बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, “ताई, इंजेक्शन बंद झालं की ह्या गावरानसारख्या होतील ना?”

होणार नाहीत. बंद करायला मुळात इंजेक्शनच नाही. हे दरवेळी सांगून सांगून घसा कोरडा पडला, म्हणून आता सविस्तर लिहिते.

गैरसमज : वाढीचं इंजेक्शन दिल्याशिवाय चाळीस दिवसांत दोन किलोची कोंबडी होत नाही.

वस्तुस्थिती : आधी साधा हिशेब करू. आपल्या भागातल्या मध्यम शेडमध्ये पाच हजार पक्षी धरा. एक पक्षी पकडायचा, टोचायचा, सोडायचा, याला दहा सेकंद लागली तरी पन्नास हजार सेकंद झाली, म्हणजे जवळजवळ चौदा तास. वाढीचं हार्मोन हे प्रथिन असतं आणि रक्तात फार वेळ टिकत नाही. त्याचा परिणाम हवा तर रोज टोचावं लागेल, तेही एकापेक्षा जास्त वेळा. शेड सांभाळायला घरातली दोन माणसं असतात. त्यांनी हे कधी करायचं? बरं, खाद्यातून द्यावं, तर पोटात गेल्यावर ते डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाईल. इन्सुलिनची गोळी का मिळत नाही, टोचूनच का घ्यावं लागतं, हे ज्याच्या घरात मधुमेह आहे त्याला वेगळं सांगायला नको.

मग लोक म्हणतात, “आम्ही स्वतः शेडमध्ये सुई बघितली आहे.” बघितली असेल. ती लसीची. मरेक्सची लस पिल्लाला हॅचरीतच टोचतात. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात, गंबोरोची पुढे पिण्याच्या पाण्यातून. तुमच्या आजीच्या खुराड्यातल्या गावरान कोंबडीलाही पशुवैद्यक मानमोडीची सुई पंखाखाली टोचतात. पोलिओच्या डोसाला कुणी वाढीचं औषध म्हणत नाही, मग इथेच का?

तरीही शंका राहते : मग एवढी वाढ आली कुठून? याचं उत्तर एका प्रयोगात स्वच्छ दिसतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 1957 आणि 1978 सालचे मांसल कोंबड्यांचे वंश पुढे कोणतीही निवड न करता तसेच जपून ठेवले आहेत. संशोधकांनी हे दोन जुने वंश आणि 2005 सालचा रॉस 308 हा वाण एकत्र वाढवले. तिघांना खाद्य तेच, निगा तीच. 56 व्या दिवशी 1957 चा पक्षी 905 ग्रॅम भरला, 1978 चा 1,808 ग्रॅम आणि 2005 चा 4,202 ग्रॅम. हा अभ्यास 2014 साली ‘पोल्ट्री सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकच दाणा खाऊन एक पक्षी दुसऱ्याच्या साडेचार पटींहून जड होतो, तेव्हा फरक दाण्यात नसतो आणि सुईतही नसतो. तो वंशात असतो.

हे एका रात्रीत झालं नाही. अमेरिकेत 1948 साली ‘उद्याची कोंबडी’ अशी देशव्यापी स्पर्धाच भरली होती : छाती रुंद, मांडी भरलेली, कमी दाण्यात जास्त वजन. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांत वेगाने वाढणारा नर आणि तशीच मादी निवडत, वेगवेगळ्या वंशांचा संकर करत आजची बॉयलर घडवली गेली. त्याला मका-सोयाबीनचं ताकदीचं खाद्य आणि रात्री उशिरापर्यंत दिव्याचा उजेड मिळाला की वजन वाढणारच.

आता खरी गोष्ट. ही वाढ पक्ष्याला झेपत नाही. छातीचं मांस धावतं, हाडं आणि हृदय मागे राहतात. पाय फेंगडे होतात, पोटात पाणी साठतं, काल नीट खाणारा पक्षी सकाळी उताणा सापडतो. आमच्याकडे आलेली नवी बॉयलर तीन पावलं चालते आणि बसते. दाण्याचं भांडं हातभर लांब असलं तरी उठत नाही, बसल्या जागेवरून मान ताणते. बसून बसून छातीची पिसं झडतात, कातडी लाल होते, तळपायाला काळे खडे धरतात. हे कुणी बाहेरून टोचलेलं असतं तर महिनाभरात उतरलं असतं. ते तिच्या रक्तातच आहे. इंजेक्शनच्या अफवेवर माझा राग आहे तो यासाठी. त्या अफवेमुळे लोकांना वाटतं की एखादा लबाड शेतकरी काहीतरी मिसळतो आणि तो पकडला की प्रश्न मिटला. आपल्याकडचा शेतकरी बहुधा कराराने पक्षी वाढवतो : पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, त्याची फक्त शेड, वीज आणि मेहनत. पिल्लाचा वंश ठरवायचा अधिकार त्याला कधीच नव्हता.

हा वंश मनसोक्त खाऊन जगू शकत नाही, याचा पुरावा खुद्द उद्योगातच आहे. ज्या कोंबड्यांपासून बॉयलर पिल्लं निघतात, त्या आईबापांना कंपन्या रोज तोलून, भुकेपेक्षा बरंच कमी खाद्य देतात. पोटभर दिलं तर ते अंड्यावर येईपर्यंत धड राहत नाहीत.

वाचवलेली बॉयलर सांभाळणाऱ्यानेही हाच धडा घ्यायचा. भरलेलं भांडं समोर ठेवणं ही माया नव्हे, ते तिचा जीव घेणं आहे. फिनिशर, म्हणजे विक्रीआधी वजन वाढवायचं खाद्य, पहिल्या दिवसापासून बंद. सकाळ-संध्याकाळ मोजून दाणे, तेही पसरून टाकायचे, म्हणजे ती चालत चालत वेचते. मधल्या वेळेत चिरलेला लसूणघास, मेथीची पानं, काकडी. आठवड्याला स्प्रिंगच्या काट्यावर वजन. खाली भाताच्या तुसाचा कोरडा थर, ओला झाला की लगेच बदलायचा. बसायला दांडी लावलीच तर विटेएवढ्या उंचीची, कारण उंचावरून उडी मारली की पाय जातो. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी ओलं गोणपाट, सावली, गार पाणी. कोंबडीला घाम येत नाही, ती फक्त धापा टाकते. जड बॉयलर उन्हाच्या तडाख्यात तासाभरात जाते.

मग बॉयलरमध्ये चिंतेचं काहीच नाही का? आहे, पण ते हार्मोन नव्हे, प्रतिजैविकं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2014 साली दिल्ली परिसरातले कोंबडीचे 70 नमुने तपासले, त्यांतल्या 40 टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या आशेचं औषध. ते खाद्यप्राण्यांसाठी बनवायला आणि वापरायला केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये बंदी घातली. यावर बोला, प्रश्न विचारा. काल्पनिक सुईवर बोलण्यात हा खरा विषय मागे पडतो.

आणि अफवेने कोंबडी वाचते, असंही कुणी समजू नये. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘कोंबडीमुळे कोरोना होतो’ असं पसरलं. दर कोसळले, खाद्याचा खर्च निघेना. बेळगाव जिल्ह्यात हजारो जिवंत पिल्लं खड्ड्यात लोटून पुरल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. लोकांनी कोंबडी खाणं थोडे दिवस थांबवलं, त्याची शिक्षा पिल्लांना मिळाली. मे-जूनपर्यंत ताटं पूर्ववत.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

कोंबडा नसेल तर कोंबडी अंडं देत नाही. देते. दुकानातल्या अंड्यात पिल्लू नसतं, हे खरंच आहे.

म्हणून अंडं निरुपद्रवी. नाही. मूळ रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, पिंजऱ्यातली लेयर तीनशेच्या घरात. प्रत्येक कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, ते खाद्यातून पुरलं नाही की तिच्या हाडांतून निघतं. एकेका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा येते. या पिंजऱ्यांवर भारताच्या विधी आयोगाने जुलै 2017 मध्ये स्वतंत्र अहवाल दिला, क्रमांक 269. लेयर जातीचे नर ना अंडी देतात ना मांस, म्हणून बहुतेक पहिल्याच दिवशी मारले जातात.

तपकिरी अंडं जास्त पौष्टिक. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पोषणाशी त्याचा संबंध नाही.

गावरान म्हणून विकते ती गावरानच. अनेकदा ती कावेरी, गिरिराज, वनराज अशी सुधारित जात असते.

वाचवलेली कोंबडी माळावर सोडली की सुखात जगते. सुप्याच्या माळावर सोडलेली पांढरी लेयर रात्र काढत नाही. कोल्हा, मुंगूस, कुत्री आहेतच. उजनी धरणाच्या काठावर तर सोडूच नका. पाहुण्या पक्ष्यांचे आजार तिला आणि तिचे त्यांना होतात. देशातला पाळीव कोंबड्यांतला पहिला बर्ड फ्लू 2006 साली आपल्याच राज्यात, नवापूरला निघाला होता. पक्षी एकाएकी मरू लागले तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा.

व्हीगन जेवण, म्हणजे मांस, अंडी, दूध, तूप काहीच नसलेलं, हे पुण्या-मुंबईचं महागडं खूळ. हे ऐकलं की पुन्हा चिडचिड होते, कारण बारामती-इंदापूरचा जिरायती पट्टा कित्येक पिढ्या याच जेवणावर उभा राहिला. उजनीचं पाणी आणि ऊस नंतर आले. त्याआधी इथे बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी. पावसात भिजून आल्यावर लागणारं जेवण म्हणजे शेंगोळे : हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचं पीठ, ठेचलेला लसूण, मिरची, जिरं, ओवा, मीठ घालून घट्ट मळायचं. तेलाच्या हाताने बोटाएवढ्या वळ्या करून कडी जुळवायची. कढईत तेलावर लसूण तांबूस झाला की पाणी, हळद, तिखट. पाण्याला खळखळून उकळी आली की एकेक शेंगोळं सोडायचं. पाणी गार असताना सोडलं तर पिठाचा लगदा होतो. परातीला चिकटलेलं पीठ धुऊन तेच पाणी आत ओतायचं, रस्सा त्यानेच दाट होतो. वरून कोथिंबीर, सोबत कच्चा कांदा. यात दूध, तूप, अंडं घालायला जागाच नाही. पिठलं-भाकरी, वरणफळं, शेंगदाण्याची आमटी, सर्दीत प्यायचं माडगं, सगळं याच पंगतीतलं. वरणफळांवर तुपाऐवजी लसणाची तेलातली फोडणी घाला, काही अडत नाही.

मांस-अंड्याशिवाय प्रथिनं मिळत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम कोरड्या हुलग्यात सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं आहेत. शिजल्यावर त्यात पाणी येतं, म्हणून वाटी भरून खा आणि सोबत भाकरी घ्या.

आंबवलेल्या पदार्थांतून बी-12 मिळतं. भरवशाचं मिळत नाही. दूधही सोडलं असेल तर बी-12 ची गोळी घ्यायचीच, डॉक्टरांना विचारून. यात कोंबड्यांवर प्रेम करणाऱ्यांनीही स्वतःला फसवू नये.

आता शेवटी पुन्हा त्या सुईकडे. “इंजेक्शनमुळे मी बॉयलर सोडली” असं कुणी अभिमानाने सांगतं तेव्हा मला काळजी वाटते. उद्या एखादं दुकान पाकिटावर ‘हार्मोनमुक्त’ असं छापेल. ते छापणं खोटंही ठरणार नाही, कारण बाहेरून दिलेले हार्मोन आधीही नव्हते. त्या शिक्क्याने तुमची शंका फिटेल आणि पाकिटात तोच वंश, तेच फेंगडे पाय असतील. चालता न येणारा पक्षी मुद्दाम घडवला गेला आहे आणि आपल्या मागणीवर तो रोज जन्माला येतो, या कारणावर मात्र कुठलाही शिक्का चालत नाही. सोडायची असेल तर या कारणासाठी सोडा.