गुरुवारची सुट्टी आणि संगणकांचे नूतनीकरण

विंडोज १० या कार्यप्रणालीचा, म्हणजे संगणकाचे सर्व भाग आणि त्यावरील प्रोग्राम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शेकडो संगणकांवर ती हाताने बदलणे अव्यवहार्य असल्याने हे काम नेटवर्कवरून आपोआप करवून घेण्याच्या पद्धतींना पुण्याजवळच्या चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्यात विशेष महत्त्व आले आहे.

या पद्धतींचा पाया जुना आहे. इंटेलच्या पुढाकाराने १९९०च्या दशकाअखेर रूढ झालेल्या पीएक्सई या सोयीमुळे संगणक हार्ड डिस्कऐवजी सर्व्हरकडून आरंभीचा प्रोग्राम मागवतो, आणि पुढे प्रतिष्ठापनेदरम्यान विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली फाइल, जिला रेड हॅटमध्ये किकस्टार्ट व डेबियनमध्ये प्रीसीड म्हणतात, माणसाची जागा घेते. अशी सिद्धता किती मोलाची ठरते, हे नॉटपेट्या या सायबर हल्ल्याने दाखवले: २७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा येथील मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचेही काम विस्कळीत झाले, आणि समूहाच्या अध्यक्षांनी पुढे दावोस येथे सांगितल्यानुसार ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले.

खरी कसोटी मात्र वेळापत्रकाची आहे. पिंपरी-चिंचवडच्या बहुसंख्य कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तर मायक्रोसॉफ्टची मासिक दुरुस्ती दुसऱ्या मंगळवारी, भारतात रात्री उशिरा, प्रसिद्ध होते. मधल्या एका बुधवारात तिची चाचणी उरकणे हा धोका आहे, आणि पुढच्या गुरुवारपर्यंत थांबणे हेच शहाणपणाचे. त्यातच महावितरणही देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारीच बंद ठेवते. म्हणून नुसते वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून संदेश पाठवून बंद संगणक सुरू करणे, पुरत नाही. जड फाइली आदल्या दिवसांत संथपणे प्रत्येक डिस्कवर पोचवून गुरुवारी केवळ प्रतिष्ठापना व पुनरारंभ ठेवणे, आणि यूपीएसची बॅटरी पुरेशी नसल्यास काम सुरूच न करणे, अशी रचना करावी लागते.

स्वयंचलन म्हणजे सर्वत्र एकदम, हा समज घातक आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. ते सुरूच होत नसल्याने नेटवर्कवरून दुरुस्त करणे बहुधा अशक्य झाले आणि असंख्य ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी माणूस पाठवावा लागला. प्रथम संगणक विभागाची मोजकी यंत्रे, मग लेखा व खरेदी विभाग, शेवटी डिझाइन विभागाची कॅटियासारखे सॉफ्टवेअर चालवणारी वर्कस्टेशन्स, आणि प्रत्येक टप्प्यानंतर थांबण्याचा अधिकार, हा क्रम त्यामुळेच आवश्यक ठरतो.

विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेले जुने संगणक यादी करतानाच वेगळे काढावे लागतात. शॉप फ्लोअरवरील सीएनसी यंत्रांना व चाचणी-बाकांना जोडलेले संगणक तर या यंत्रणेबाहेरच ठेवणे योग्य, कारण त्यांचे नियंत्रण-सॉफ्टवेअर अनेकदा एका ठरावीक जुन्या आवृत्तीवरच चालते. त्यांचे नेटवर्क कार्यालयापासून तोडून वेगळे राखले जाते, आणि यंत्रविक्रेत्याचा अभियंता येईपर्यंत त्यांना हात लावला जात नाही.