ट्रेंचटाऊनची पोरे आणि मालकीचा प्रश्न

बॉब मार्लेचे चित्र आज जगभर टी-शर्टवर छापून विकले जाते. परंतु हा माणूस कोणत्या वस्तीतून आला, कोणाच्या सोबतीने उभा राहिला, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. म्हणून आम्ही आज मार्लेविषयी नव्हे, तर त्या वस्तीतल्या पोरांच्या गटाविषयी लिहीत आहोत.

आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांच्या घामावर जमैकातील इंग्रज ऊसमळेवाले गबर झाले. १८३८ साली गुलामगिरी पूर्णपणे संपली, १९६२ साली देश स्वतंत्र झाला. पण काळ्या माणसाच्या वाट्याला काय आले? पोटासाठी गाव सोडून तो राजधानी किंग्स्टनच्या पश्चिमेला ट्रेंचटाऊनमध्ये आला. एका अंगणाभोवती खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास सगळ्यांत मिळून एक!

याच वस्तीत बॉब मार्ले, बनी लिव्हिंग्स्टन आणि पीटर टॉश एकत्र आले. बॉब वेल्डिंगचे काम शिकत होता; डोळ्यात लोखंडाचा कण गेला आणि त्याने ते सोडले. संगीतशाळेची फी कोण भरणार? पण जो हिग्ज हा नावाजलेला गायक तिथेच राहत होता. त्याने आपल्या अंगणात या पोरांना एकही पैसा न घेता सूर मिळवून गायला शिकवले. हा गुरू अंगठा मागणारा नव्हता, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

गटाचे सुरुवातीचे एक नाव ‘टीनएजर्स’ होते. पुढे तो ‘वेलर्स’ म्हणजे आक्रोश करणारे या नावाने ओळखला गेला. तेव्हा जमैकात ‘स्का’ संगीताचा जोर होता. एरवी जो ठोका दुय्यम मानला जातो, त्यावरच स्कामध्ये गिटार आणि पियानो जोर देतात. मोठाले कर्णे रस्त्यावर लावून गरीब माणूस त्यावर नाचत असे.

१९६३ साली ही पोरे कॉक्सन डॉड यांच्या ‘स्टुडिओ वन’मध्ये गेली. ‘सिमर डाऊन’ हे त्यांचे गाणे वस्तीतल्या भडक डोक्याच्या तरुणांना आवर घालायला सांगणारे होते. १९६४ च्या सुरुवातीला ते जमैकात पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ज्या वस्तीचे नाव घेताच प्रतिष्ठित नाक मुरडत, तिचा आवाज घराघरात गेला.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. रेकॉर्ड खपत होत्या आणि गाणाऱ्यांच्या हाती आठवड्याचा तुटपुंजा पगार पडत होता. डॉड स्वतः कृष्णवर्णीय. त्यांनी या पोरांना संधी दिली, बॉबला स्टुडिओत राहायला जागाही दिली. तरीही हिशेबाची वही मालकाकडेच होती. मालक आपल्यातला असला म्हणून शोषण आपोआप संपत नाही, हा कडू धडा वेलर्सना मिळाला.

त्यांनी रडगाणे गायले नाही. १९६६ साली बॉबने अमेरिकेत जाऊन मजुरी केली, पैसा साठवला आणि परत येऊन मित्रांसह स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. ती फार काळ चालली नाही. पण १९७० च्या सुमारास ‘टफ गाँग’ उभी राहिली आणि ते नाव टिकले. १९७४ साली तिघे वेगळे झाले. आज तिघांपैकी कोणीही हयात नाही. बनी २०२१ मध्ये गेले.

आमच्याही वस्त्यांत गाणारी पोरे आहेत. जयंतीच्या मंचावर त्यांना टाळ्या मिळतात, त्यांच्या गाण्यांवर कमाई मात्र दुसरेच करतात. टाळ्यांनी चूल पेटत नाही. प्रत्येक वस्तीत एक जो हिग्ज हवा, आणि गाणाऱ्याच्या हाती स्वतःच्या गाण्याचा करारनामा हवा. आवाज आपला असेल, तर हिशेबाची वहीही आपलीच असली पाहिजे!