जुना बँड पुन्हा उभा राहतो तेव्हा

एखादा जुना रॉक बँड पुन्हा एकत्र येणार, ही बातमी दोन ओळींत संपते. त्यामागे काय काय करावं लागतं, हे पाहायला लेड झेपलिन हा ब्रिटिश बँड सोयीचा आहे. त्यांचे तीन प्रयत्न गाजले. १९८५ आणि १९८८ चे फसले. १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनातला जमला.

सुरुवात निमंत्रणापासून होते, आणि पहिला घोळही इथेच होतो. गायक रॉबर्ट प्लांट आणि गिटारवादक जिमी पेज १९९४ साली दोघेच एकत्र आले. बास आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सला त्यांनी विचारलंच नाही. पुढच्या वर्षी एका सन्मान सोहळ्यात तिघं एका मंचावर उभे असताना, मित्रांना अखेर माझा फोन नंबर आठवला, असा टोला जोन्सने हाणला. २००७ ला मात्र सगळ्यांना हो म्हणता येईल असं निमित्त मिळालं. त्यांच्या गाण्यांवर सुरुवातीपासून विश्वास टाकणारा अटलांटिक रेकॉर्ड्सचा सहसंस्थापक अहमत अर्तेगन डिसेंबर २००६ मध्ये वारला होता. कार्यक्रम त्याच्या स्मरणार्थ होता आणि उत्पन्न त्याच्या नावाच्या शिक्षणनिधीला जाणार होतं. पैशांवरून होणारी भांडणं त्यामुळे आपोआप टळली.

मग येतो रिकाम्या जागेचा प्रश्न. ड्रमर जॉन बॉनम सप्टेंबर १९८० मध्ये गेला आणि उरलेल्या तिघांनी बँडच थांबवला. अशा जागी नावाजलेला वादक बसवला की काम झालं, असं आपल्याला वाटू शकतं. १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीसाठीच्या कार्यक्रमात तेच केलं गेलं. फिल कॉलिन्स त्याच दिवशी लंडनमध्ये वाजवून काँकॉर्ड विमानाने फिलाडेल्फियाला पोहोचला आणि टोनी थॉम्पसनसोबत ड्रमवर बसला. दोघेही उत्तम वादक, पण एकत्र तालीम नव्हती. त्यात प्लांटचा घसा बसलेला आणि पेजची गिटार बेसूर. पुढे २००४ मध्ये त्या दिवसाची डीव्हीडी निघाली, तेव्हा आपला भाग त्यात घालायला बँडने नकार दिला.

१९८८ मध्ये न्यूयॉर्कला बॉनमचा मुलगा जेसन ड्रमवर होता. माणूस योग्य होता, पण दिवसभर लांबलेल्या कार्यक्रमात त्यांची पाळी मध्यरात्र उलटल्यावर आली आणि टीव्हीच्या प्रक्षेपणात कीबोर्डचा आवाजच गेला. म्हणजे माणूस बरोबर निवडला तरी बाकीची घडी नीट बसवावी लागतेच.

यानंतर गाणी ठरतात. इथे मोह असतो तो फक्त सगळ्यात गाजलेली गाणी घेण्याचा. २००७ च्या यादीत सोळा गाणी होती. ‘स्टेअरवे टू हेवन’ त्यांनी शेवटासाठी राखून न ठेवता मध्येच उरकलं. ‘फॉर युअर लाइफ’ हे १९७६ चं गाणं तर पूर्वी कधीच लोकांसमोर वाजवलेलं नव्हतं. मला ही निवड हुशारीची वाटते. आठवणीत जिची तुलनाच नाही अशी एक तरी गोष्ट श्रोत्याला मिळाली.

आता पट्टीचं बघू. पट्टी म्हणजे गाण्याचा सा कुठे धरायचा ते. तेविसाव्या वर्षी सहज लागलेला वरचा स्वर एकोणसाठाव्या वर्षी लागेलच असं नाही. हट्टाने मूळ पट्टीत गायलं तर दोन गाण्यांत घसा संपतो. ओटूला काही गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली वाजवली गेली. गिटारवर याची साधी युक्ती अशी, की सगळ्या तारा सारख्या प्रमाणात सैल करायच्या. बोटांच्या जागा त्याच राहतात, स्वर उतरतात. मात्र सैल तार जोरात छेडली की थरथरते आणि सुरातून सुटते, म्हणून अशा गाण्यांसाठी वेगळी गिटार आधीच लावून ठेवतात. बास आणि कीबोर्डही त्याच पट्टीवर आणावे लागतात. एकाचं विसरलं तर पहिल्याच ठोक्याला साऱ्या सभागृहाला कळतं.

तालीम हा सगळ्यात लांब टप्पा, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही. आपलीच गाणी, त्यांची कसली तालीम, असं ज्येष्ठ वादकांना वाटतं. अडचण अशी की प्रत्येकाला गाण्याचं वेगळं रूप आठवतं. कुणाच्या डोक्यात रेकॉर्डवरचं असतं, कुणाच्या डोक्यात सत्तरच्या दशकात मंचावर लांबवलेलं. कुठे थांबायचं, कुणाच्या खुणेने परत यायचं, हे नव्याने ठरवावं लागतं. २००७ ला त्यांनी यासाठी पुरेसा वेळ काढला. वडिलांच्या वादनाचा बारकाईने अभ्यास केलेला जेसन इथे उपयोगी पडला. जादा वादकही घेतले नाहीत. कीबोर्ड वाजवताना जोन्स बासचे स्वर पायाखालच्या पट्ट्यांवर काढत होता.

तालमीत मॉनिटरही तपासायचे असतात. वादकांकडे तोंड करून ठेवलेले हे स्पीकर त्यांना स्वतःचा आवाज ऐकवतात. ते बिघडले तर गायक न ऐकता गातो, आणि चूक गायकाची वाटते.

ओटूच्या तिकिटांसाठी सोडत काढली. किंमत १२५ पौंड, ओळखपत्र दाखवूनच तिकीट हाती. काळाबाजार रोखायला हे बरं होतं, पण मागणी अफाट होती. एका चाहत्याने धर्मादाय लिलावात दोन तिकिटांना ८३,००० पौंड मोजले.

या वयात शरीर वेळापत्रक बदलतं, तेही धरून चालावं. कार्यक्रम मुळात २६ नोव्हेंबरला होता. पेजचं बोट मोडलं आणि तो दोन आठवडे पुढे गेला. रेटून वाजवलं नाही, हे फार चांगलं झालं.

शेवटचा टप्पा दुसऱ्या दिवशी सुरू होतो. चांगलं झालं की सगळे विचारतात, दौरा कधी? प्लांट तेव्हा ॲलिसन क्राउसबरोबरच्या नव्या गाण्यांत रमला होता. त्याला दौरा नको होता. उरलेल्या तिघांनी २००८ मध्ये दुसरे गायक आजमावून पाहिले, कुणी जमेना, आणि २००९ च्या सुरुवातीला तो बेत सोडला. ओटूच्या रात्रीचं चित्रीकरण २०१२ मध्ये ‘सेलिब्रेशन डे’ नावाने प्रदर्शित झालं. ते पाहताना आपण गायकाऐवजी जेसनकडे लक्ष ठेवा. पेज आणि जोन्स मधूनमधून त्याच्या ड्रमजवळ सरकून येतात, आणि पुढच्या वळणाच्या खुणा तिथेच होतात.