खर्जामागचा चेहरा

दक्षिण लंडनमधली रात्र, रिपरिप पाऊस, जुन्या तबकडीची खरखर आणि छातीत घुमणारा खर्ज! २००६ मध्ये ‘बरिअल’ या नावाने आलेल्या अल्बममध्ये हे सारे होते. बरिअल म्हणजे दफन. ही व्यक्ती कोण, ते मात्र गुलदस्त्यात. २००७ च्या ‘अनट्रू’ने रसिकांना वेड लावले, पुढच्या वर्षी मर्क्युरी पुरस्कारासाठी नामांकन मिळाले आणि वृत्तपत्रे हात धुऊन मागे लागली. कुणी बडा कलावंत वेष पालटून आला असावा, असेही तर्क झाले. अखेर ऑगस्ट २००८ मध्ये त्याने स्वतःच छायाचित्रासह नाव सांगितले : विल्यम बेव्हन. संगणकावर साध्या ध्वनिसंपादन प्रोग्रॅमवर आवाज जुळवणारा तरुण! आपल्याला फक्त संगीत करायचे आहे, एवढेच त्याचे म्हणणे. पुरस्कार ‘एल्बो’ या बँडला मिळाला. बेव्हनची नवी गाणी पुढेही येत राहिली. मंचावर तो आला नाही.